एकाच ऊर्जेच्या दोन ग्राउंड स्टेट: दुसरी हरवू न देता गणित कसं करायचं

१६ स्पिनांच्या मजुमदार–घोष साखळीवर (हे स्पिनांचं मॉडेल खाली दिलं आहे) लँझोस, म्हणजे मोठ्या मॅट्रिक्सच्या टोकाच्या आयगेनव्हॅल्यू (इथे ऊर्जा) काढण्याची पद्धत, चालवलं की सर्वांत कमी ऊर्जा −६ येते, दहाव्या दशांशापर्यंत बरोबर. आता त्याच व्हेक्टरवर पहिल्या दोन स्पिनांचा सहसंबंध मोजा. मग सुरुवातीचा रँडम व्हेक्टर बदलून सगळं पुन्हा चालवा. ऊर्जा तीच राहते, सहसंबंधाचा आकडा मात्र बदलतो. कोडमध्ये बग असेलच असं नाही. ग्राउंड स्टेट (सर्वांत कमी ऊर्जेची अवस्था) एक नसून दोन आहेत, आणि प्रत्येक वेळी त्यांचं वेगळंच मिश्रण हातात आलं आहे.

अशा डीजनरेट (एकाच ऊर्जेच्या अनेक अवस्था असलेल्या) प्रश्नात शोधायचा असतो तो एक व्हेक्टर नाही, तर सगळ्या ग्राउंड स्टेट मिळून होणारा उपअवकाश. त्याची मिती किती हे आधी ठरवायचं आणि मोजमाप त्यानंतर. खाली सगळं मजुमदार–घोष मॉडेलवरच करून दाखवलं आहे, कारण त्याचं उत्तर कागदावर अचूक माहीत आहे आणि कोड चुकला तर लगेच सापडतो. चंचल मजुमदार आणि दीपन घोष यांनी ते १९६९ मध्ये मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतून मांडलं.

मॉडेल आणि आधीच माहीत असलेली उत्तरं

स्पिन-अर्ध्यांचं वर्तुळ घ्या, स्पिनांची संख्या एन, आणि एन सम. शेजारच्या स्पिनांमध्ये जोड जे = १, एक सोडून पुढच्यामध्ये ०.५, दोन्ही अँटिफेरोमॅग्नेटिक, म्हणजे स्पिन एकमेकांच्या उलट राहू पाहतात. ग्राउंड ऊर्जा बरोबर −३एन/८ येते. एका अवस्थेत (१,२), (३,४), (५,६)… अशा सिंगलेट (एकूण स्पिन शून्य असलेल्या) जोड्या असतात, तिला ‘डावी’ म्हणू. दुसरीत (२,३), (४,५)… आणि शेवटी (एन,१), ती ‘उजवी’. दोघींची ऊर्जा तंतोतंत सारखी. मात्र त्या एकमेकींना पूर्ण लंब नाहीत. त्यांच्या आंतरगुणाकाराचं परिमाण २ चा (१ − एन/२) वा घात आहे, म्हणजे एन = ८ ला १/८ आणि एन = १२ ला १/३२.

उत्तेजित अवस्था ठळक अंतरावर आहेत. लांब साखळीत हे अंतर सुमारे ०.२३४ जे कडे जातं. म्हणून इथे ‘खरोखर सारखी ऊर्जा’ आणि ‘जवळजवळ सारखी’ यांत गोंधळ होत नाही. पुढे तो होईल, तेव्हा बघू.

पायरी १: हॅमिल्टोनियन, आणि एन = ४ चा सापळा

हॅमिल्टोनियन म्हणजे ऊर्जेची मॅट्रिक्स. तिच्यासाठी प्रत्येक अवस्था एक पूर्णांक आणि प्रत्येक बिट एक स्पिन. एकूण झेड-स्पिन शून्य (वरचे आणि खालचे स्पिन सारख्याच संख्येने) असलेलेच पूर्णांक चढत्या क्रमाने एका यादीत ठेवा, म्हणजे एखाद्या अवस्थेचा क्रमांक बायनरी सर्चने मिळतो. एन = १६ ला अशा अवस्था १२,८७०, एन = २० ला १,८४,७५६ आणि एन = २४ ला २७,०४,१५६.

प्रत्येक जोडासाठी दोन बिट सारखे असतील तर कर्णावर जोडाच्या पाव पट मिळवा. वेगळे असतील तर कर्णातून पाव पट वजा करा आणि ते दोन बिट उलटवून मिळणाऱ्या अवस्थेच्या रकान्यात जोडाच्या निम्मं टाका. वर्तुळ असल्यामुळे शेजाऱ्याचा क्रमांक एन ने भागून उरणाऱ्या बाकीने काढायचा.

पहिली चाचणी एन = ४ वर करा, पण सावधपणे. चार स्पिनांच्या वर्तुळात १ चा ‘एक सोडून पुढचा’ ३, आणि ३ चा पुन्हा १. सूत्राप्रमाणे प्रत्येक कर्णजोड दोनदा मोजायचा असतो. ‘डुप्लिकेट जोड काढून टाकू’ असं म्हणून तो एकदाच ठेवला, तर ऊर्जा −१.५ ऐवजी −१.७५ येते आणि डीजनरसी नाहीशी होते. हीच चूक मोठ्या एन ला दिसत नाही, म्हणून कोड सुधारताना ती मागे राहून जाते. बरोबर उत्तर −१.५, आणि ते दोनदा.

त्यानंतर एन = ८ ला −३ आणि एन = १२ ला −४.५ जमतंय का पाहा. एन = १२ ला मॅट्रिक्स अवघी ९२४ × ९२४ आहे. ती पूर्णपणे डायगोनलाइझ करा आणि पहिल्या पाच आयगेनव्हॅल्यू छापा. पहिल्या दोन सारख्या, तिसरी स्पष्ट वर. पुढच्या प्रत्येक पद्धतीची तुलना याच छापलेल्या यादीशी करायची आहे. एन = १४ पर्यंत (३,४३२ अवस्था, सुमारे ९४ एमबी) हे साध्या लॅपटॉपवरही सहज होतं.

पायरी २: साधं लँझोस कुठे फसतं

लँझोस एका व्हेक्टरपासून निघतं आणि हॅमिल्टोनियन पुन्हा पुन्हा लावून तीनकर्णी मॅट्रिक्स बांधतं. अशा मॅट्रिक्सचे बाजूच्या कर्णावरचे आकडे शून्य नसतील, तर तिच्या सगळ्या आयगेनव्हॅल्यू एकमेकींपासून वेगळ्याच असतात. हे बीजगणित आहे, यात अचूकता वाढवून काही फरक पडत नाही. दोनदा येणारी आयगेनव्हॅल्यू तत्त्वतः एकदाच दिसणार. हाती येणारा व्हेक्टर म्हणजे तुमच्या सुरुवातीच्या व्हेक्टरची ग्राउंड उपअवकाशावर पडलेली सावली.

प्रत्यक्षात मात्र दशांशाच्या चुका साठत जातात, लंबता बिघडते आणि शंभर-दोनशे फेऱ्यांनंतर −६ दोनदा, तीनदा, चारदा दिसायला लागते. या भुताटकी प्रती असतात. त्या मोजून ‘डीजनरसी चार’ असं लिहिणं म्हणजे गोंगाट मोजणं. म्हणजे साधं लँझोस खरी प्रत लपवतंही आणि खोटी दाखवतंही. दोन्ही चुका एकाच आउटपुटमध्ये असू शकतात.

सुरुवातीचा व्हेक्टर निवडतानाही दोन खड्डे आहेत. सगळे घटक १ असलेला व्हेक्टर घेतला, तर झेड-स्पिन शून्यच्या सेक्टरमध्ये (अवस्थांच्या गटात) तो फेरोमॅग्नेटिक अवस्थेचाच व्हेक्टर असतो, म्हणजे स्वतःच आयगेनव्हेक्टर. लँझोस पहिल्याच पायरीला थांबतं आणि +३एन/८ देतं. ० ते १ मधले रँडम आकडे घेतले, तरी सरासरी धन असल्यामुळे त्या दिशेला मोठा कल राहतो. सरासरी शून्य असलेले गॉशियन आकडे घ्या आणि सीड लिहून ठेवा.

पायरी ३: सिमेट्रीने दोघींना वेगळ्या खोल्यांत बसवा

शक्य असेल तिथे हीच पद्धत वापरावी. बाकीच्या तिच्या तपासणीला ठेवाव्यात.

सगळी साखळी एक घर सरकवली की डावी उजवी होते आणि उजवी डावी. म्हणून त्यांची बेरीज शून्य संवेगात असते (सरकवल्यावर तीच राहते) आणि वजाबाकी पाय (π) संवेगात (सरकवल्यावर चिन्ह बदलते). दोन्ही सेक्टर वेगवेगळे सोडवले की प्रत्येकात −३एन/८ अगदी एकदाच येते, आणि एकदाच येणारी आयगेनव्हॅल्यू लँझोसला बिनधोक सापडते. आकारही घटतो. एन = १६ ला शून्य आणि पाय या दोन्ही सेक्टरमध्ये प्रत्येकी ८१० अवस्था आहेत, तेव्हा लँझोसचीही गरज नाही. एन = २४ ला २७ लाखांच्या जागी १,१२,७२० राहतात.

बांधणी अशी. सरकवून एकमेकींत जाणाऱ्या अवस्थांचा गट करा आणि त्यातला सर्वांत लहान पूर्णांक प्रतिनिधी म्हणून ठेवा. किती वेळा सरकवल्यावर अवस्था परत येते तो तिचा आवर्तकाल. प्रतिनिधीवर हॅमिल्टोनियन लावून नवी अवस्था मिळाली, की तिला तिच्या प्रतिनिधीपर्यंत आणायला किती घरं सरकवावं लागलं ते मोजा. मॅट्रिक्सचा घटक म्हणजे मूळ आकडा × (जुन्या प्रतिनिधीचा आवर्तकाल ÷ नव्याचा) याचं वर्गमूळ × फेज. पाय संवेगात फेज म्हणजे सम घरांना +१ आणि विषम घरांना −१.

भागाकार उलटा लिहिला जाणं ही इथली नेहमीची चूक. बहुतेक गटांचा आवर्तकाल एनच असतो, त्यामुळे बहुतेक घटक बरोबर येतात आणि ऊर्जा ‘जवळपास’ जमते. ती पकडायला मॅट्रिक्स आणि तिची ट्रान्सपोज यांतला सर्वांत मोठा फरक छापा. तो १०⁻¹⁴ च्या आसपास हवा. ०.४ वगैरे दिसला तर वर्गमूळ तपासा.

सगळे संवेग सोडवायला विसरू नका. अनोळखी मॉडेलमध्ये ग्राउंड स्टेट कुठल्या संवेगात असेल हे आधी सांगता येत नाही, आणि दोनच सेक्टर पाहून ‘डीजनरसी दोन’ म्हणणं ही अर्धवट मोजणी आहे. शून्य आणि पाय सोडून इतर संवेगांत अधिक आणि उणे संवेगाच्या ऊर्जा सारख्याच असतात, तेव्हा तिथे सापडलेली प्रत्येक पातळी दोनदा धरायची. तसंच झेड-स्पिन शून्यमध्ये सापडलेली पातळी ट्रिपलेटची (एकूण स्पिन १, तीन अवस्था) असेल तर खरी मोजणी तीन होते. प्रत्येक व्हेक्टरवर एकूण स्पिनच्या वर्गाचं मूल्य काढून ती सिंगलेट आहे की ट्रिपलेट हे नोंदवा. ०, २, ६ सोडून मधलाच आकडा आला तर व्हेक्टर मिश्र आहे.

पायरी ४: सिमेट्री नसेल तेव्हा ब्लॉक

अशुद्धी किंवा वेडीवाकडी जाळी असेल तर संवेग वापरता येत नाही. मग एका व्हेक्टरऐवजी व्हेक्टरांचा गठ्ठा घेऊन निघायचं. ब्लॉक लँझोस, ब्लॉक डेव्हिडसन, एलओबीपीसीजी ही सगळी त्याच कुळातली. गठ्ठ्याचा आकार अपेक्षित डीजनरसीपेक्षा दोन-चारने मोठा ठेवा, दोनसाठी ४ ते ६. बरोबर दोनच घेतले तर ‘दोनच आहेत’ याचा पुरावा मिळत नाही, कारण तिसरीला बसायला जागाच ठेवलेली नसते. शेवटचे एक-दोन व्हेक्टर नीट जुळत नाहीत ते चालतं. जुळणीचा निकष फक्त हव्या असलेल्यांना लावा.

सायपाय (पायथनचं गणिती पॅकेज) वापरणाऱ्यांसाठी तीन सूचना. तिथल्या एलओबीपीसीजीची मुळातली सेटिंग सर्वांत मोठ्या आयगेनव्हॅल्यू शोधण्याची आहे, ती बंद करावी लागते. आरपॅकवर (आयगेनव्हॅल्यू काढणारी लायब्ररी) चालणाऱ्या विरळ सममित सॉल्व्हरची मुळातली सेटिंग परिमाणाने सर्वांत मोठ्या आयगेनव्हॅल्यूंची आहे, आणि या मॉडेलला ती खास चावते. फेरोमॅग्नेटिक अवस्थेची ऊर्जा +३एन/८ आणि ग्राउंडची −३एन/८, म्हणजे परिमाण सारखंच. दोन व्हेक्टर मागितले की कुठले दोन येतील याचा नेम नाही. बीजगणितीयदृष्ट्या सर्वांत लहान मागा, म्हणजे ‘एसए’ पर्याय. तिसरं म्हणजे आरपॅकसुद्धा एकाच व्हेक्टरपासून निघतं. दुसरी प्रत तिथे बऱ्याचदा दशांशाच्या चुकांच्या कृपेने येते. सहा आयगेनव्हॅल्यू मागा, आतला अवकाश मुळातल्या वीसऐवजी ४० ते ६० ठेवा, टॉलरन्स सैल करू नका, आणि वेगळ्या सीडने तीनदा चालवा. एकदा दोन आणि एकदा एक आली तर ब्लॉक पद्धतीकडे वळा.

एन = २४ ला झेड-स्पिन शून्यचा एक व्हेक्टर सुमारे २१.६ एमबी. मॅट्रिक्सच्या प्रत्येक ओळीत सरासरी २६ घटक येतात, ८ बाइटचा आकडा आणि ४ बाइटचा निर्देशांक धरला तर सुमारे ८४५ एमबी. ६० व्हेक्टरांना आणखी १.३ जीबी. ८ जीबीच्या यंत्रावर बसतं, पण ब्राउझर बंद ठेवलेला बरा.

पायरी ५: सापडलेली वर ढकला

पहिला व्हेक्टर नीट जुळला की हॅमिल्टोनियनमध्ये त्याच्यावरच्या प्रक्षेपाची काही पट मिळवा. त्याची ऊर्जा तेवढी वर जाते आणि पुढच्या फेरीला तळाला दुसरा येतो. प्रक्षेपाची मॅट्रिक्स कधीच बांधू नका. व्हेक्टरवर हॅमिल्टोनियन लावून झाल्यावर एक आंतरगुणाकार काढून तेवढा भाग मिळवला की झालं.

किती ढकलायचं? अंतरापेक्षा जास्त, पण स्पेक्ट्रमच्या रुंदीत राहील इतकं. एन = १६ ला स्पेक्ट्रम −६ ते +६ आहे, २ जे पुरतं, मग पहिली −४ वर जाते. ‘सुरक्षित राहू दे’ म्हणून दहा लाख टाकले तर स्पेक्ट्रम तितका ताणला जातो, लँझोस रखडतं आणि पहिल्या व्हेक्टरमधली बारीक चूकही त्या पटीने फुगते. म्हणूनच पहिल्याचा अवशेष (व्याख्या पायरी ६ मध्ये) १०⁻¹⁰ खाली नेल्याशिवाय दुसऱ्याला हात लावू नये. प्रत्येक फेरीला नवा रँडम व्हेक्टर घ्या आणि ऊर्जा ठळकपणे वर गेली की थांबा. −६, −६ आणि मग वरचा आकडा, एवढी नोंद पुरे.

पायरी ६: मोजणी स्वतंत्रपणे तपासा

आयगेनसॉल्व्हरची तपासणी आयगेनसॉल्व्हरनेच केली तर दोन्हीकडे एकच चूक असू शकते. मध्यम आकाराला एक वेगळा मार्ग आहे, सिल्व्हेस्टरचा जडत्व नियम. हॅमिल्टोनियनमधून ग्राउंड ऊर्जेच्या ०.१ जे वरचा आकडा कर्णावर वजा करा आणि आलेल्या सममित मॅट्रिक्सचं एलडीएल विघटन (त्रिकोणी × मधली × त्रिकोणीची ट्रान्सपोज) करा. मधल्या मॅट्रिक्सच्या ऋण आयगेनव्हॅल्यू म्हणजे त्या रेषेखालच्या पातळ्यांची संख्या. इथे ती २ यायला हवी. मधली मॅट्रिक्स पूर्ण कर्णी नसते, तिच्यात २ × २ चे तुकडे असतात. फक्त कर्णावरचे ऋण आकडे मोजले तर हिशेब चुकतो. विरळ विघटनात शून्यांच्या जागा भरत जातात, म्हणून एन = १६ च्या वर हा मार्ग महाग पडतो.

अवशेष प्रत्येक व्हेक्टरसाठी छापा: हॅमिल्टोनियन लावलेल्या व्हेक्टरमधून ऊर्जा × व्हेक्टर वजा करून उरलेली लांबी. ती १०⁻⁸ असेल तर तेवढ्या अंतरात खरी आयगेनव्हॅल्यू नक्की आहे. दोन ऊर्जांमधला फरक अवशेषांपेक्षा लहान असेल, तर ‘त्या वेगळ्या आहेत’ असं म्हणता येत नाही.

पायरी ७: मोजमाप, एका व्हेक्टरवर नाही

या मॉडेलचा डायमर ऑर्डर असा: लागोपाठच्या जोडांवरचा स्पिनांचा आंतरगुणाकार आळीपाळीने + आणि − चिन्ह देऊन बेरजायचा आणि एन ने भागायचा. शुद्ध डाव्या अवस्थेत सिंगलेटच्या जोडावर −३/४ आणि मधल्यावर शून्य, म्हणून परिमाण ३/८. संवेगाच्या अवस्थेत मोजलं तर शून्य. सॉल्व्हरने दिलेल्या रँडम मिश्रणात मधलंच काहीतरी. तिन्ही गणितं बरोबर आहेत, म्हणून त्यातला एक आकडा उचलून छापण्यात अर्थ नाही.

दोन ग्राउंड व्हेक्टर लंब आणि एकक लांबीचे करा, त्यांच्यात या ऑपरेटरची २ × २ मॅट्रिक्स काढा आणि ती डायगोनलाइझ करा. तिच्या आयगेनव्हॅल्यू सॉल्व्हरने कुठलं मिश्रण दिलं यावर अवलंबून नसतात. डावी-उजवी पूर्ण लंब नसल्यामुळे बरोबर ३/८ मात्र येत नाही. उत्तर म्हणजे ±०.३७५ ला (१ − आंतरगुणाकाराचा वर्ग) याच्या वर्गमुळाने भागून येणारा आकडा: एन = ८ ला ±०.३७७९६, एन = १२ ला ±०.३७५१८. हे दोन आकडे जुळले, की ग्राउंड उपअवकाश पूर्ण सापडला. एक जरी व्हेक्टर चुकला तरी ते जुळत नाहीत, म्हणून ही तपासणी ऊर्जेपेक्षा कडक आहे.

सिमेट्री न मोडणाऱ्या राशींसाठी दोन्ही व्हेक्टरांवरची सरासरी घ्या. शून्य तापमानाकडे जाताना उष्मागतिकीतून येणारं उत्तर तेच असतं.

डीएमआरजी वापरणाऱ्यांसाठी

डीएमआरजीला (अवस्था मॅट्रिक्सांच्या साखळीने मांडणाऱ्या पद्धतीला) कमी गुंतागुंतीची अवस्था आवडते, आणि इथे ही पद्धत पक्षपाती ठरते. वर्तुळ उलगडून साध्या मॅट्रिक्स-प्रॉडक्ट साखळीवर ठेवलं, की डाव्या अवस्थेला बाँड डायमेन्शन (त्या मॅट्रिक्सांचा आकार) २ पुरतं. उजवीला (एन,१) ही जोडी सबंध साखळीभर वाहून न्यावी लागते, म्हणून ४ लागतं. त्यामुळे बहुधा डावीच मिळते आणि तिथेच समाधान मानलं जातं. दुसरीसाठी पायरी ५ प्रमाणे पहिलीला वर ढकला, किंवा उजवी अवस्था हाताने बांधून सुरुवातीला द्या.

उघड्या टोकांच्या साखळीत एन सम असताना ग्राउंड स्टेट एकच असते, डावी, ऊर्जा तीच −३एन/८. तिथे डीजनरसी शोधत बसू नका. दोन्ही टोकांचा पहिला जोड १ ऐवजी ०.५ केला तर मात्र सगळी साखळी सारख्या त्रिकोणांची बनते. ऊर्जा −३(एन−२)/८ होते आणि ग्राउंड स्टेट पाच मिळतात: डावी एक, आणि उजवीच्या दोन मोकळ्या टोकांच्या स्पिनांमुळे चार. झेड-स्पिन शून्यमध्ये त्यांतल्या तीनच दिसतात, उरलेल्या दोन +१ आणि −१ मध्ये. एन = १२ ला −३.७५ आणि ३ + १ + १ जमलं, तर सेक्टरचा हिशेब बरोबर आहे.

जवळजवळ सारखी ऊर्जा

दुसऱ्या शेजाऱ्याचा जोड ०.५ वरून ०.४ वर आणा. डायमर ऑर्डर अजून आहे, कारण तो सुमारे ०.२४११ पर्यंत टिकतो. पण वर्तुळ मर्यादित असल्यामुळे दोन ऊर्जांत आता बारीक फट पडते, आणि एन वाढवला की ती झपाट्याने मिटत जाते. एकत्र सेक्टरमध्ये लँझोसला लागणाऱ्या फेऱ्या साधारण (स्पेक्ट्रमची रुंदी ÷ फट) याच्या वर्गमुळाप्रमाणे वाढतात, म्हणजे ऊर्जा लवकर स्थिरावते आणि व्हेक्टर मात्र मिश्रच राहतो. ऊर्जेतला बदल १०⁻⁸ झाला की थांबणारा कोड इथे चुकीचा व्हेक्टर देतो. थांबण्याचा निकष अवशेषावर ठेवा आणि तो फटीपेक्षा किमान शंभरपट लहान धरा. शून्य आणि पाय संवेग वेगळे केले असतील तर ही अडचण उद्भवतच नाही, कारण प्रत्येक सेक्टरमध्ये शेजारची पातळी पुन्हा दूर असते.

फट खरी डीजनरसी बनते आहे का, हे एकाच एन वरून ठरवू नका. एन = ८, १२, १६, २०, २४ घ्या, फटीचा लॉगॅरिदम एन समोर मांडा. रेषा सरळ खाली गेली तर फट घातांकी दराने मिटते आहे आणि दोघींना एकच उपअवकाश धरून पायरी ७ वापरा. १ भागिले एन प्रमाणे हळू उतरत असेल तर ती गॅपलेस (उत्तेजित अवस्थांपर्यंत अंतरच न उरलेल्या) अवस्थेची खूण असू शकते, तिथे २ × २ च्या मॅट्रिक्सला अर्थ नाही. मालिकेत एन = १० किंवा १४ मिसळू नका. दुसऱ्या शेजाऱ्याचा जोड लहान असताना चाराने भाग जाणाऱ्या एन ला ग्राउंड स्टेट शून्य संवेगात असते आणि बाकीच्या सम एन ला पाय संवेगात, त्यामुळे कुठल्या सेक्टरमधून कुठली ऊर्जा वजा करायची याची अदलाबदल होते आणि फट उणे निघते.